सासूबाईंची मेट्रो, माझी ट्राम

३ मार्च
साहेबांनी आज आमच्या मेट्रोच्या ऑफिसात जाहीर केलं — सुनावणीत मेट्रोची बाजू मी मांडायची. मी! आणि ट्रामचालकांच्या वतीनं कोण बोलणार? स्वतः ट्राम चालवणाऱ्या आमच्या सासूबाई! डेपोनं एकमतानं त्यांचं नाव दिलंय. साहेब म्हणाले, "घरच्या घरीच सामना की!" मला काही हसू आलं नाही.

मोठ्या रस्त्यावरची जुनी ट्राम काढून चालकाविना धावणारी मेट्रो आणायची, की तिथंच नवी लांबलचक ट्राम टाकायची, एवढंच समितीला ठरवायचंय. (आमच्या कागदांत नव्या ट्रामला 'लाइट रेल' म्हणतात. सासूबाई म्हणतात, नाव बदललं म्हणून चाकं बदलत नाहीत.) मेट्रो आली तर बाकीचे चालक दुसऱ्या मार्गांवर जाणार, सासूबाईंना मात्र वयामुळं डेपोतल्या टेबलावर कारकुनीला बसवणार. ट्राम आली तर आमचं ऑफिसच गुंडाळणार आणि मी घरी. म्हणजे दोघींपैकी एकीचं हातचं काम जाणारच.

जेवताना नवऱ्याला विचारलं, तू कुणाच्या बाजूनं? "मी भांडी घासतो," म्हणाला आणि उठला. शहाणा!

४ मार्च
मला वाटलं होतं सासूबाई अबोला धरतील. कसलं काय! सकाळी चहा पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "तुझा तो अहवाल दे वाचायला. भांडायचंच तर नीट भांडू."

संध्याकाळी बघते तर निम्मा वाचून झालेला, समासात पेन्सिलीच्या खुणा. साहेबांनी तरी तो एवढा वाचला असेल का, शंकाच आहे.

७ मार्च
छोट्या चाचणी-मार्गावर धावणाऱ्या मेट्रोत बसायला आज घरच्यांना बोलावलं होतं. सासूबाई थेट सगळ्यात पुढच्या काचेशी, जिथं लहान मुलं बसण्यासाठी भांडतात तिथं! ट्राममध्ये चालकाच्या पायाखाली एक पट्टी असते, ती सतत दाबून ठेवावी लागते. पाय उचलला की गाडी थांबते — चालकाला भोवळ आलीच तर म्हणून. तर ह्या बाईसाहेब अख्खा प्रवास उजव्या पायानं मेट्रोची जमीन दाबून बसल्या होत्या. मी हळूच दाखवलं तर स्वतःच खो खो हसल्या.

उतरताना म्हणाल्या, "गाडीचं दार बरोब्बर फलाटाच्या दारासमोर आलं गं. मला इतक्या वर्षांत रोज नाही जमलं." त्यांच्या जागी मी असते तर पन्नास नावं ठेवली असती.

९ मार्च
सासूबाईंनी डेपोतली एक पद्धत सांगितली. तिथं नव्या चालकाला चिडलेला प्रवासी व्हायला लावतात आणि तक्रारी करायला लावतात. दुसऱ्याच्या जागेवर बसल्याशिवाय तोंड उघडायचं नाही म्हणे. म्हणून आम्हीही तयारी उलटी करायची — त्या मेट्रो, मी ट्राम!

स्वयंपाकघरात, हातात उलथनं घेऊन त्यांनी जी मेट्रो मांडली! "चालक नाही म्हणजे गाडी छोटी ठेवता येते. छोटी असली की पाठोपाठ सोडता येते. माणसाला वाट बघायला लागत नाही. मग घड्याळ कशाला बघेल तो?" माझ्या तीस पानांचा अर्क चार वाक्यांत. मी ट्रामच्या बाजूनं अशी ततपप केली की मलाच लाज वाटली.

११ मार्च
ट्राम नीट मांडायची म्हणून सासूबाईंच्या गाडीत फेरी मारली. इतकी वर्षं एका घरात राहतो, पण त्यांना गाडी चालवताना मी कधी पाहिलंच नव्हतं! थांबे असे अलगद येतात की उभ्यानं पेपर वाचणारा माणूस आधारासाठी पेपरवरचा हात काढत नाही. घंटा तरी किती तऱ्हेची — रुळावर उभ्या टेम्पोला दटावणारी, रेंगाळणाऱ्या पोरींना चिडवणारी, समोरून येणाऱ्या ट्रामला 'काय, बरं आहे ना' विचारणारी. डेपोत त्यांना घंटाबाई म्हणतात ते उगीच नाही. बाबागाडीवाली एक बाई फुटपाथवरून सरळ आत आली. जिना नाही, लिफ्ट नाही, काही नाही.

मला ही बाई फार आवडते. आज हे लिहूनच टाकते.

१५ मार्च
भाजी करपली. वादात मेट्रो जिंकली, म्हणजे सासूबाई.

१७ मार्च
आज ट्राम जिंकली! सासूबाईंनी टाळी दिली. नवरा म्हणाला, "तुम्ही दोघी तिथं आपापल्या खुर्चीवर बसाल तरी का?"

१९ मार्च
सुनावणी झाली. कसं लिहू!

सुरुवात झकास झाली. आकडे, नकाशे, सगळं सुरळीत. मग अध्यक्षबाईंनी विचारलं, "मोठ्या रस्त्याला ट्राम का पुरणार नाही?" मी तोंड उघडलं आणि — ट्रामच बाहेर पडली! "पुरेल की! दार फुटपाथला लागतं. म्हाताऱ्या माणसाला जिना चढावा लागत नाही. दुकानं दिसतात, ओळखीचं कुणी दिसतं, माणूस आपल्याच रस्त्यावरून जातो..." आठवडाभर घोटलेलं, धडाधड. चालकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा भानावर आले. साहेबांनी डोक्याला हात लावला होता. सावरायला हवं होतं. पण बोलले त्यातलं काहीच खोटं नव्हतं, म्हणून जीभ मागे फिरेना.

मग सासूबाई. हातातला कागद घडी करून पिशवीत टाकला. माझ्याकडे एकदा पाहिलं. "मी ट्राम चालवते. पण मला विचाराल तर ह्या रस्त्याला मेट्रोच हवी." मला वाटलं, ह्यांचीही जीभ घसरली. पण नाही — एकेक मुद्दा शांतपणे, डोळ्याला डोळा भिडवून. शेवटी म्हणाल्या, "आमच्या सूनबाईनं ट्रामची बाजू सांगितली, कारण तिला दोन्ही बाजू माहीत आहेत. असं माणूस ऑफिसात ठेवा."

२० मार्च
डेपोत आज कुणी त्यांच्याशी धड बोललं नाही. मी म्हटलं, "आई, पटलेलं असं आपल्याच माणसांसमोर बोलायला छाती लागते हो." "कांदा चीर," म्हणाल्या.

२६ मार्च
निकाल — मेट्रो! 'ट्रामचालकाचं मतच निर्णायक ठरलं,' असं अध्यक्षबाईंनी लिहिलंय. साहेबांनी केक आणला. माझी नोकरी पक्की.

सासूबाईंना टेबल मिळालं. खिडकीजवळचं आहे म्हणाल्या.

२७ मार्च
न राहवून नवऱ्याला म्हटलं, "आईंना मेट्रो इतकी पटेल असं वाटलं नव्हतं."

त्यानं हातातलं भांडं खाली ठेवलं. "पटली? सुनावणीच्या दिवशी घरी आल्या आल्या आई मला म्हणाली, 'पोरीनं भर सभेत स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. मी काय नुसती बघत बसू?'"