डबीतले सात कप्पे

४ नोव्हेंबर, बुधवार

गप्प! डाव्या डिशमधल्या पेशी साफ गप्प! तीन आठवडे त्यांना मधुमेहाच्या गोळीतलं औषध घातलेल्या द्रावणात ठेवलं होतं. आज साखर दिली. उंदराच्या स्वादुपिंडातल्या या पेशींचं कामच ते — साखर आली की इन्सुलिन सोडायचं. उजव्या डिशला औषध नव्हतं, तिनं भरपूर सोडलं. डावीनं जवळजवळ काहीच नाही. आणि पहिल्या दिवशी हीच डावी उजवीच्या दुप्पट सोडत होती!

प्रयोगशाळेचे साकाकी सर खूश. "चिझुरुसान, काम फत्ते!"

कसलं फत्ते! बाबा हीच गोळी बावीस वर्षं घेताहेत.

७ नोव्हेंबर, शनिवार

बाबांची साखर तीनशे दहा. डॉक्टर म्हणाले, गोळीनं आता भागत नाही, इन्सुलिनची सुई घ्या. बाबा तिथंच अडून बसले. "छत्तीस वर्षं ट्राम चालवली मी. सुई म्हणजे गाडी कायमची डेपोत." त्यांच्या दोस्ताची, कुरामोचीकाकांची, सुई सुरू झाली आणि वर्षात पाय गेला, तेच डोक्यात धरून बसलेत.

डिशचं त्यांना सांगितलं नाही.

८ नोव्हेंबर, रविवार

डबी भरली. सोमवार ते रविवार, सात कप्पे, सात पांढऱ्या गोळ्या. आई गेल्यापासून अकरा वर्षं दर रविवारी मीच भरते. माझ्याच हातानं बाबांचं स्वादुपिंड मारत आणलं की काय?

बाबा शेजारी बसून मिकान संत्रं सोलत होते — तिसरं! म्हटलं, या गोळीची भीती नाही वाटत? म्हणाले, "तू भरतेस, मी गिळतो. मला काय कळतंय त्यातलं!"

१० नोव्हेंबर, मंगळवार

शेवटी सरांना विचारलंच. त्या पेशी मेल्यात की दमल्यात?

"औषध धुऊन काढ, एक दिवस थांब, परत साखर दे. दमल्या असतील तर उठतील." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "वडिलांचा विचार करतेयस ना? डिश म्हणजे माणूस नव्हे, चिझुरुसान."

ते मलाही कळतं हो! कळून काय उपयोग?

१२ नोव्हेंबर, गुरुवार

तीनदा धुतलं. भीती वाटते.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

उठल्या! उठल्या!! उजवीइतक्या नाही, पण उठल्या. भांडी धुवायच्या खोलीत जाऊन ढसाढसा रडले.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. गोळी पेशींना सारखी कामाला जुंपते, त्या दमतात; सुईनं त्यांना जरा उसंत मिळेल. बाबांनी चष्मा पुसला, परत लावला.

"म्हणजे बावीस वर्षांत त्यांना एक रजा नाही?"

"नाही."

"अगं, मग मी त्यांच्या जागी असतो तर संप केला असता!" थोड्या वेळानं आपणहून म्हणाले, "चल उद्या. दे त्यांना रजा."

१४ नोव्हेंबर, शनिवार

सुई सुरू! डॉक्टर मला म्हणाले, "गोळी आजपासून बंद." बाबा नर्सशी ट्रामच्या गप्पा मारत होते. पहिली सुई स्वतःच पोटात टोचली. "हात्तिच्या! एवढंच? याहून डास जोरात चावतो." उगाच घाबरलो म्हणाले. मी किती घाबरले होते ते माझं मला माहीत.

१५ नोव्हेंबर, रविवार

ऊन छान. चादरी धुतल्या, सूपासाठी मिसो आणला, बाबांची नखं कापली, डबी भरली, मावशीला फोन केला. संध्याकाळी दोघं पायी ट्रामच्या थांब्यापर्यंत जाऊन आलो. किती दिवसांनी इतकी मोकळी चालले!

१८ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी बाबा स्वयंपाकघरात पडलेले. घामानं चिंब, हाका मारल्या तरी ओ नाही. रुग्णवाहिकेत साखर मोजली — चोवीस. सलाइनमधून साखर चालू आहे. अजून डोळे उघडलेले नाहीत.

डॉक्टरांनी विचारलं, "सुईबरोबर ती गोळी चालू नव्हती ना?" मी ठणकावून सांगितलं, छे! शनिवारीच बंद केली.

त्यांचे कपडे न्यायला घरी आले. डबी टेबलावर आहे. सोमवार, मंगळवार, बुधवार रिकामे. पुढच्या चार कप्प्यांत चार गोळ्या.