चारशे लिटर पेट्रोल

यिशुन, सिंगापूर
रविवार

प्रिय प्रबोध,

पाकिटावरचं माझं नाव बघून हे पत्र फाडलं नसलंस, तर पुढे वाच. जहाजावरच्या त्या चौकशीत तुझं इंजिनिअरचं सर्टिफिकेट गेलं, त्यानंतर एकोणीस वर्षं आपण बोललो नाही. त्याबद्दलच लिहायचंय, पण माझा पाल्हाळिक स्वभाव तुला ठाऊक आहे, आधी एका जर्मन वैमानिकाची गोष्ट ऐकावी लागेल.

आमच्या लेकीच्या, गार्गीच्या, ऑफिसातल्या हानाचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमान चालवायचे. आधी फ्रान्समध्ये, मग रशियात, शेवटी बर्लिनच्या आसपास. सतरा विमानं पाडली. त्यांची उड्डाणांची वही तिला एका संग्रहालयाला द्यायची होती, आणि त्यात लिहिलेलं सगळं खरं आहे ना, एवढी खात्री हवी होती. गार्गीने फुशारकी मारली, बाबा चीफ इंजिनिअर होते, कुठलंही लॉगबुक वाचतात. झालं. गेले तीन रविवार हाना आमच्या फ्लॅटवर येऊन पोहे खाते आणि जर्मन वाचून दाखवते, मी आकडे बघतो.

काय सांगू, अगदी रमलो. किती वाजता उडाला, किती उंच गेला, किती गोळ्या झाडल्या. एवढ्याशा विमानाला हजाराहून जास्त अश्वशक्तीचं इंजिन आणि टाकी जेमतेम चारशे लिटरची; पूर्ण जोरात पळवलं तर तासाभरात कोरडी. मला त्या माणसाचं कौतुक वाटायला लागलं होतं.

मग १९४३चा ऑगस्ट आला. इंजिन बंद पडलं आणि आजोबांनी चाकं न उघडताच विमान सूर्यफुलांच्या शेतात पोटावर उतरवलं. शेरा असा, की मेकॅनिकचा हलगर्जीपणा. त्या मेकॅनिकला पायदळात धाडलं, तो परत आलाच नाही. पण तिथली चार पानं एका शाईत, एका बैठकीत लिहिलेली होती, आणि तेलकट बोटाचा एकही डाग नव्हता. इन्स्पेक्शनच्या आधी आपण इंजिनरूमचं लॉगबुक सुवाच्य उतरवून काढायचो ना, अगदी तसं. शेरा आजोबांनी बदलला, उड्डाणाची वेळ बदलायला मात्र विसरले. एक तास पंचवीस मिनिटं, त्यातला बराच वेळ शत्रूच्या मागे. मी गणित मांडलं. इंजिनाला काही झालं नव्हतं, पेट्रोल संपलं होतं.

हानाला स्पष्ट सांगितलं. मग तिने विचारलं, नुसती पानं बघून अंकलना इतकं खात्रीने कसं कळलं. अनुभव, असं म्हणून मी चहा टाकायला उठलो. काल तिचा निरोप आला, वही देतेय, पण त्या मेकॅनिकबद्दल खरं काय ते सोबत लिहून. आजोबांवर तिचा फार जीव आहे, प्रबोध. तरीही.

तिला जे सांगितलं नाही ते तुला सांगतो. कूलिंग पंपाचा आवाज बरा नाही, हे तू मला सकाळी आठ वाजताच सांगितलं होतंस, लॉगमध्ये लिहिलंही होतंस. पुढच्या बंदरापर्यंत चालेल, असं मीच म्हणालो होतो. इंजिन गेल्यावर, चौकशीचे लोक बोटीवर चढायच्या आत, मी केबिनचं दार लावून ती पानं नव्याने उतरवली आणि तुझी नोंद गाळली. तुझी सहीसुद्धा मीच केली. तुला संशय होता, पुरावा नव्हता. फाडलेली मूळ पानं टाकायचा मला कधी धीर झाला नाही. ती या पाकिटात आहेत, सोबत माझ्या सहीचा कबुलीजबाब. ज्याला दाखवायचं त्याला दाखव, मी नाही म्हणणार नाही. माफी मागायचा हक्क मला आहे की नाही, कळत नाही. पानं तुझी आहेत, ती आधी तुझ्या हातात पडू देत.

तुझाच (अजून तसं म्हणू देशील तर),
पद्माकर