तुम्ही सोडलेली पानं

अण्णा, परवा मासळी बाजाराबाहेर मला एक म्हातारी भेटली. तिने तुमच्याबद्दल जे सांगितलं ते तुमच्या हयातीत तुम्हाला कळायला हवं होतं, असं तेव्हापासून सारखं वाटतंय. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होऊन गेली. तरी दिवेलागणीला पोथी वाचणारा तुमचा आवाज मला ऐकू येतो. शब्द कळत नाहीत, नुसती चाल ऐकू येते. मग मी रत्नागिरीतल्या या ब्लॉकमध्ये उगाच टीव्हीचा आवाज वाढवते.

ही म्हातारी खाडीपलीकडच्या वाडीतली. तिचा थोरला मुलगा वाऱ्यात होडी उलटून गेला आणि सापडला नाही, ती. मर्तिकाच्या दिवसांत पोथी वाचायला त्या वाडीत तुम्हालाच बोलवायचे. मी तेव्हा तिथल्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते, म्हणून मीही त्यांच्याकडे बसायला गेले होते. अजून डोळ्यांसमोर आहे. पडवीत जाळी एका बाजूला सारून जागा केलीय, पुरुष ओळीने बसलेत, आणि दाराच्या आत भिंतीला टेकून ती बसलीय. रडत नाही, पदरही डोळ्याला लावत नाही, नुसती तुमच्या तोंडाकडे बघतेय. पाण्यात अकाली गेलेल्या, अंत्यविधी न झालेल्या माणसाचं पुढे काय होतं, तो कसा तहानलेला भटकत राहतो, ते सांगणारी पानं आली. तुम्ही जरा थांबलात, चष्मा सारखा केलात, आणि पाच-सहा पानं एकदम उलटून पुढचं वाचायला लागलात. मुलाचा चुलता जाणता होता, त्याने पुष्कळदा ऐकलेलं. तो हळूच म्हणाला, "भटजी, मधलं राहिलं." तुम्ही वर न बघता म्हणालात, "राहिलं नाही, सोडलं. पोथी मेलेल्यासाठी वाचतात म्हणतात खरं. पण ऐकायला बसलीय ती त्याची आई."

तरीतून खाडी ओलांडून परत येताना मी तुम्हाला विचारलं होतं, की असं चालतं का, पोथीतलं काही घ्यायचं आणि काही टाकायचं. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, टाकलेलं काहीच नाही. त्याच पोथीत भटकणारा जीव आहे, आणि नुसत्या नामस्मरणाने सुटलेला पापीही आहे. दोन्ही खरंच लिहिलंय, पण कोणासमोर काय धरायचं हे वाचणाऱ्याने बघायला हवं, नाहीतर त्याने वाचायला बसू नये. मी त्या दिवशी तुमच्याकडे बघतच राहिले. माझे वडील किती मोठे आहेत, असं मला तोपर्यंत कधी वाटलं नव्हतं.

मग आपल्याच घरावर तो प्रसंग आला. दादा बोटीवर नोकरीला होता. कंपनीचा माणूस मुंबईहून आला, ओटीवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला की खराब हवेत तो डेकवरून पडला, शोध घेतला, मिळाला नाही. आईने दोनदा विचारलं, "आणणार कधी?" तुम्ही दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिलात. पोथी वाचायला लांज्याहून माझा चुलतभाऊ आला. तो तुमच्याच हाताखाली शिकलेला. ती पानं आली तेव्हा त्यानेही थांबून, तुमच्यासारखीच, ती उलटली.

तुम्ही म्हणालात, "मागे जा."

त्याला वाटलं, तुम्ही दुःखात काहीतरी बोलताय. त्याने हळू आवाजात सांगितलं, की काकू आत ऐकतायत, तुम्हीच तर हे शिकवलंत. तुम्ही त्याच्या पुढ्यातून पोथी ओढून घेतलीत आणि स्वतः वाचायला लागलात. मोठ्याने, एक ओळ न गाळता, संस्कृत आणि त्याखालचा मराठी अर्थही. आई स्वयंपाकघरातून माजघराच्या दारात येऊन उभी राहिली. हाताला पीठ तसंच होतं. संपेपर्यंत ती तिथून हलली नाही, आणि तुम्ही तिच्याकडे एकदाही बघितलं नाहीत.

त्यानंतर आई जेवढी वर्षं जगली तेवढी वर्षं तिने रोज संध्याकाळी मागीलदारी पायरीवर गोड्या पाण्याचा तांब्या भरून ठेवला. खाऱ्या पाण्यात त्याला तहान लागत असेल, म्हणायची. पावसाळ्यात धो धो कोसळत असतानासुद्धा ठेवायची. सकाळी तांब्यातलं पाणी कमी झालंय का ते वाकून बघायची आणि कामाला लागायची. तुम्ही ते रोज बघत होतात. एकदा मी माहेरी आले असताना मला राहवलं नाही. आई मागे नारळी-पोफळीच्या आगरात गेलेली बघून मी तुम्हाला विचारलं, की त्या कोळणीला जे ऐकवलं नाहीत ते आईला का ऐकवलंत. तुम्ही सुपारी कातरत होतात. अडकित्ता खाली ठेवलात.

"त्या पानांत उपायही सांगितलेत," तुम्ही म्हणालात. "वाचल्याशिवाय ते लागू होत नाहीत असं म्हणतात. दुसऱ्यांच्या मुलांच्या बाबतीत मला देव दयाळू वाटायचा. आपल्या मुलाच्या बाबतीत तेवढा भरवसा राहिला नाही."

पुढे तुम्ही कोणाकडेच पोथी वाचायला गेला नाहीत. बोलवायला आलेल्यांना डोळ्यांचं कारण सांगायचात.

परवा ती म्हातारी सुनेला सोबत घेऊन आली होती. मला तिनेच ओळखलं. म्हणाली, "मास्तरीनबाय, तू भटजींची लेक ना?" मी हो म्हटलं, तशी तिने माझा हात धरला आणि रस्त्याच्या कडेला घेऊन गेली. तिला तेव्हाच सगळं कळलं होतं, अण्णा. तिच्या सासऱ्याचा भाऊ असाच समुद्रात गेलेला, त्या वेळी कोणीतरी ती पानं वाचलेली तिने ऐकली होती. "काय लिवलंय ते मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "तुज्या बापानी ती पानं सोडलीन, तेबी मी बघितलं."

मी विचारलं, की मग तुम्ही त्यातलं काही खरं मानत नाही का. तिला माझा प्रश्न विचित्र वाटला असावा. म्हणाली, "पोथी खोटी कशी आसंल? पन भटजी मानूस आसून त्याला माजी दया आली. मग देवाला नाय येनार? त्या दिवसापासून मी पोराचा घोर सोडला." मग तिने सुनेला हाक मारली आणि दोघी रिक्षात बसून गेल्या.

तुम्हाला हे कधी कळलंच नाही. दादा गेल्यावर तुम्हाला वाटत राहिलं असणार, की तुम्ही तिला फार तर एका दिवसापुरतं वाचवलंत आणि तेही पोथीशी लबाडी करून. तिने तर तुमच्या त्या थांबण्यातूनच पोथीचा अर्थ लावला आणि त्याच्यावर सगळं आयुष्य काढलं. तुम्ही जिवंत असतात तर मी तडक घरी येऊन हे सांगितलं असतं. तुम्ही ऐकून घेतलं असतंत की अडकित्ता उचलून परत सुपारी कातरायला लागला असतात, ते मला अजून ठरवता येत नाही.

हा कागद मी कुठे पाठवणार? घडी करून कपाटात, साड्यांच्या खाली ठेवीन. पण लिहितेच आहे तर एवढंही लिहिते. तिचं ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. ती रिक्षा वळेपर्यंत मी तिथेच उभी होते, आणि मला तिचा हेवा वाटत होता, आईच्या वतीने.