येरवड्याचं उदाहरण

मंगळवार, संध्याकाळ

आज कर्वेनगरच्या कोडिंग क्लासमध्ये एपीआय का वापरतात ते शिकवलं. हॉटेलातल्या वेटरचं तेच ते उदाहरण द्यायचा कंटाळा आला होता, म्हणून येरवड्याचं जेल घेतलं. म्हटलं, आपल्याला आत जाता येत नाही. खिडकीवर नाव सांगायचं, डबा द्यायचा, उत्तराची वाट बघायची. दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरचंही तसंच, एपीआय म्हणजे ती खिडकी. पोरं हसली. "सर, तुम्ही कधी सुटलात?"

मागून प्राची म्हणाली, "सर, तिथे डबा घेत नाहीत. कपडे घेतात."

"तुला गं कसं माहीत?" शेजारचीने विचारलं.

"बाबा आहेत."

मी काय केलं? पुढची स्लाइड लावली. आणि खरं सांगायचं तर मनात पहिलं हेच आलं, की डबा नाही, कपडे. हे मी लिहितोय त्या कथेत हवं. शी.

क्लास सुटल्यावर जिन्यात तिला सॉरी म्हटलं.

"उदाहरण कळलं, सर. फक्त पुढच्या बॅचला नका देऊ."

नाही देणार म्हणालो. आणि घरी येऊन आधी हे लिहून ठेवलं.