पाहुण्याचं वाढणं

४ डिसेंबर
आले गो बाय रत्नागिरीला. मंडणगडहून एसटीत कंबर मोडली, पण सानवीला बघून सगळं विसरले. माझी नात, नऊ वर्षांची. जन्मापासून दर महिन्याला दुसऱ्याचं रक्त चढवायचं, ते आता थांबलं. गाल कसे लाल, बघतच राहावं. गच्चीतून समुद्र दिसतो, पण बांगडा महाग, आमच्या बाजारात कोळीण गोदूबाई कशी — राहू दे. सून दीपाली म्हणते, रोज चार ओळी लिहा, मन रमेल. चौथी झालेय, जमेल तसं लिहीन.

६ डिसेंबर
मुंबईची डॉक्टरीण फोनवर दिसली. सांगत होती, एक विषाणू आतून पोकळ केला, त्याच्या पोटात चांगलं रक्त करायची चिठ्ठी ठेवली. सानवीच्या हाडातल्या पेशी काढून त्यांत तो सोडला, नि पेशी परत चढवल्या. तो पेशीच्या लिखाणात चिठ्ठी मिसळतो नि तिथलाच होतो. पाहुणाच समजा, आजी. उपद्रव नाही ना करायचा, विचारलं, तर हसली. त्याचं वाढणं आम्ही आधीच बंद केलंय म्हणाली.
मला नाही पटलं. पाहुणा बोलवायचा नि वाढायचं नाही? दारचा कुत्रासुद्धा उपाशी जात नाही आमच्याकडे. दीपाली कचेरीत गेली तशी केळीचं पान मांडलं, भात, कुळथाचं पिठलं. पाहुण्या, जेव बाबा, म्हटलं. तर सानवीच येऊन बसली नि पान चाटूनपुसून साफ केलं. एरवी तिला पिठलं आवडत नाही.

१० डिसेंबर
रोज वाढते. आज सानवीने मला विचारलं, न्हाणीघर कुठे आहे. स्वतःच्या घरात. चपलाही दाराबाहेर काढते, परक्यासारख्या.

१२ डिसेंबर
पाहुण्याला रोज पान वाढते, ते दीपालीला सांगितलं. ती म्हणाली, अहो आई, वाढणं म्हणजे एकाचे दहा होणं, ताट नव्हे. हसली. मीही हसले. भ्यायला हवं होतं. काही वाटलंच नाही, हात बर्फात धरल्यासारखं.

१३ डिसेंबर
पान मांडलं नाही. संध्याकाळी पोरीचे ओठ पांढरे — नखंही. वाढलं. ओठ लाल झाले.

१५ डिसेंबर
तीन पानं जेवते. माझी चव गेली. वाढते.

१६ डिसेंबर
जेवून म्हणाली, सानवीलाही थोडं द्या, ती आत कधीची उपाशी आहे. मी वेगळं पान घेतलं. भात घेतला. सानू, कुठे मांडू गो — तू आत कुठे —