भावजींसारखा नवरा

८ नोव्हेंबर

कथेच्या वर्गात आज माझी पार धूळधाण! सर म्हणाले, "तुमचा हा मारकुटा नवरा. डोळे लाल काय, दात-ओठ खातो काय! मला भीती नाही वाटत त्याची, हसू येतं." सगळे हसले. मीही हसले—करते काय? मग म्हणाले, "माणूस ओळखीचा घ्या. दुखणं पदरचं घाला."

११ नोव्हेंबर

ओळखीचा सज्जन नवरा म्हणजे आमचे भावजी, दुसरं कोण! पाहुण्यांच्या कपबश्या स्वतः विसळतात. ताईला म्हणतात, "अगं, तू बस." आवाज म्हणून कधी चढत नाही. आई तर सांगत सुटते, जावई कसला, मुलगाच आहे माझा. तसेच्या तसे उचलले. फक्त पाहुणे गेले, की ते ओले हात पुसतात आणि बायकोकडे वळतात—हे माझ्या पदरचं.

१९ नोव्हेंबर

सरांनी वाचलं. मग म्हणाले, "आता घाबरलो." मासिकाकडे पाठवणार म्हणे! हुरळले, आणि मग लक्षात आलं. ताई ओळखणार. सगळं तिचंच घर!

२ डिसेंबर

"अगं, तू बस" खोडलं. खोडलं की नवरा पुन्हा सिनेमातला. परत घातलं. स्वार्थी आहे मी, झालं.

६ जानेवारी

छापून आली. धड आनंदही होईना.

७ जानेवारी

भावजींचा फोन. "मेव्हणीबाई, लेखिका झालात की! आम्हाला घेतलंत का गोष्टीत?" मी नुसती खी खी केली. म्हटलं, ताईला द्या ना.

"ती कामात आहे. आधी मी वाचतो, मग तिला वाचून दाखवतो."

एवढा देवमाणूस, आणि मी त्याला काळं फासलं! ताई जन्मात बोलायची नाही माझ्याशी. आईला कुठल्या तोंडाने भेटू?

८ जानेवारी

फोन नाही. माफी कशी मागायची ते घोकतेय.

९ जानेवारी

सकाळी दारात ताई. पायात घरातल्या सपाता. मी सुरूच केलं—"ताई, सगळं मनचं गं ते, भावजी कुठे तसे—"

ती ऐकतच नव्हती. जिन्याकडे बघत होती.

"तुला कुणी सांगितलं?" म्हणाली. "शेजारच्या काकूंनी?"

आत ओढलं तिला. कडी लावली.