अफनानच्या फुप्फुसातले धागे

१२ ऑक्टोबर २००६, दर्यापूर

आणला एकदाचा घरी! सातव्या महिन्यातच आलेला माझा अफनान — अकोल्याच्या काचपेटीत सात आठवडे काढून आला. अब्बांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नवा कापूस तीनदा पिंजून ठेवलेला. आम्हा पिंजाऱ्यांत अपुऱ्या दिवसांचं मूल कापसाच्या उबेतच वाढवतात. गुंडाळला त्याला. बाहेरच्या खोलीत पिंजायची मशीन दिवसभर घरघरत होती, तरी तो खुशाल झोपला. मीही झोपले.

१७ ऑक्टोबर

श्वास भराभर. ओठ निळसर. जीपनं परत अकोला.

१९ ऑक्टोबर, अकोला

धोका टळला. डॉक्टर प्रियदर्शनी रागावल्याच. "ताई, पोट्ट्याचे फुप्फुसं आजून तयार होऊन राहिले, अन् तुमी कापसाच्या धुळीत ठेवलं?"

मग चित्र काढून समजावलं. फुप्फुसातल्या पेशींभोवती प्रथिनांची जाळी असते. इलास्टिनच्या धाग्यांमुळे फुप्फुस ताणून पुन्हा मिटतं, कोलाजेन त्याला फाटू देत नाही. हवेच्या नव्या पिशव्या याच धाग्यांच्या आधारानं होतात — जन्मानंतरही दोन-तीन वर्षं. धूळ जाऊन सूज येत राहिली, तर शरीर कोलाजेनच भरत सुटतं. फुप्फुस निबर होतं.

बी.एस्सी.ला अमरावतीत यावर टीप लिहिली होती मी. पाच मार्कांची. माझ्या पोराच्या छातीतलं काही लिहितेय असं तेव्हा कुठे वाटलं होतं?

२१ ऑक्टोबर

तो झोपला की आत कुणीतरी हळूच धागे ओढतंय असं वाटतं. डोळे मिटले की दिसतात — इवल्या इवल्या खोल्या, एकेक उघडत जाणाऱ्या, उजेडानं भरलेल्या. मी हलत नाही. काम चालू आहे ना त्याचं.

२६ ऑक्टोबर, दर्यापूर

काल ईद झाली, आज घरी आलो. माझा नवरा तन्वीर म्हणाला, परतवाड्याला खोली बघू. मशीन बंद करा, असं अब्बांना कोण सांगणार? चाळीस वर्षांचा धंदा. त्यात यंदा शेतकऱ्यांचं सोयाबीन कुजलं, नवी गादी कुणी शिवत नाही.

अब्बांनी ऐकलंच. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून घरातही वऱ्हाडीच — "पोट्ट्याले कावून बाहेर काढता? मशीनच जाईन."

मी पदराआड रडले.

२९ ऑक्टोबर

मशीन गेली, अब्बांच्या भाच्याकडे. अब्बांनी स्वतः भिंती धुतल्या.

१ नोव्हेंबर

घर किती शांत! दुपारच्या उन्हात एक कण तरंगत नाही. अब्बांना काही कामच नाही, झोळीला झोका देत बसतात. आजवर दिवसभर ते मशीनपाशी, रात्री बाहेर ओट्यावर. लग्नाला दीड वर्ष झालं, पण त्यांच्याजवळ मी अशी बसलेच नव्हते.

२ नोव्हेंबर

दुपारी शिटी ऐकू आली. बारीक, श्वासाबरोबरची. झोळीत वाकून अफनानच्या छातीला कान लावला — स्वच्छ. शिटी चालूच होती.

"काय झालं, बेटी?" अब्बांनी विचारलं. एवढंच विचारायला त्यांना मधे दोनदा श्वासासाठी थांबावं लागलं.